अंधार पडू दे, मग सांगतो

"माझ्याबरोबर डेब्जला येशील का?"

प्रश्न श्रावणीच्या तोंडून निघाला खरा, पण कल्पना तिची नव्हती. ईफा आणि नीव्ह या तिच्या शाळेतल्या दोन जिवलग मैत्रिणी. शुक्रवारी शेवटच्या तासाला बाकाखाली तिचा हात घट्ट धरून त्यांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. लाँग वीकएंडला लिमरिकला चालली आहेस ना, मग तिथे पहिला जो देखणा मुलगा दिसेल त्याला हे विचारायचं. हसायचं नाही, पळायचं नाही आणि मैत्रिणींनी पैज लावली असं तर मुळीच सांगायचं नाही.

डेब्ज म्हणजे शाळा संपल्यावर ऑगस्टात होणारा थाटाचा सोहळा. लांब झगे, सूट, जेवण, नाच. श्रावणीच्या गावातल्या, आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या कासलबारच्या मुली वर्षभर आधीपासून झग्यांचे रंग ठरवत असतात. श्रावणीचा झगा ठरला होता, बूट ठरले होते. बरोबर कोण येणार तेवढं राहिलं होतं.

मागच्या वर्षीची श्रावणी असती तर हे झालंच नसतं. उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी ती. पण मार्चमध्ये ती अठराची झाली, वादविवाद स्पर्धेत गॉलवेच्या दोन शाळांना चीत करून आली, आणि आपला आवाज आपल्याला चक्क आवडतो, हे तिला कळलं. तेव्हापासून ती कुठेही बोलत होती. दुकानात, बसस्टॉपवर, आणि आता इथे, लिमरिकबाहेरच्या एका क्लबच्या हॉलमध्ये, शिडीवर चढलेल्या अनोळखी मुलाशी.

मुलगा खरंच देखणा होता. पांढरा कुडता, कोपरापर्यंत सारलेल्या बाह्या, दोन्ही हातांत बांबूच्या कामट्या आणि दातांत सुतळी. त्याने तिच्याकडे खाली बघितलं. मग सुतळी काढून शांतपणे मराठीत म्हणाला, "आधी हे टोक धर. सुटलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

श्रावणीने टोक धरलं. तिने विचारलं होतं इंग्रजीत, तेही मेयोच्या ठसक्यात.

"तुला कसं कळलं मी मराठी आहे?"

"तुझी मावशी मघाशी दारातून ओरडली ना. श्रावणी, बूट तिथे नकोत, म्हणून. सगळ्या हॉलला कळलं."

मावशी म्हणजे आईची मैत्रीण रोहिणी मावशी. लिमरिकच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये होती. लीव्हिंग सर्टची, म्हणजे इथल्या बारावीची परीक्षा महिन्यावर आलेली. आईची शनिवार-रविवार ड्युटी, बाबांचं मसाल्यांचं छोटं दुकान. जरा हवापालट कर, अभ्यास तिथेही होईल, असं म्हणून बाबांनी तिला मावशीकडे सोडलं होतं, आणि सोमवारी दोघं न्यायला येणार होते. मावशीबरोबर काम करणाऱ्या श्रीलंकेच्या एका बाईंनी आजचं आमंत्रण दिलेलं. आज वेसाक. आपली बुद्धपौर्णिमा, पण त्यांच्याकडे ती कंदिलांची.

हॉलभर कंदील होते. कमळासारखे, चांदणीसारखे, एक तर बोटीसारखा. कंदिलांखाली माणसं होती आणि झाडून सगळी पांढऱ्या कपड्यांत. श्रावणी तेवढी मेयोच्या गेलिक फुटबॉल संघाच्या हिरव्या-लाल जर्सीत.

शिडीवरून उतरताना त्याचंही लक्ष जर्सीकडे गेलं. "मेयो का? मग मी नाही म्हटलं तरी चालेल. तुम्हाला हरायची सवय असते."

"लिमरिकवाल्यांनी हे बोलावं? फुटबॉलमध्ये तुम्ही शेवटचे जिंकलात तेव्हा माझे पणजोबाही जन्मले नसतील."

तो हसला. हसताना त्याचा डावा गाल आधी हलायचा आणि उजवा मागून यायचा, हे श्रावणीने टिपून ठेवलं. ईफाला सांगायला... असं तिने स्वतःला सांगितलं.

नाव तनय. तोही यंदा लीव्हिंग सर्टला होता. नऊ वर्षांचा असताना नागपूरहून आला. आई इथे नर्स. बुद्धपौर्णिमा साजरी करणारं या गावात त्यांचं एकच मराठी घर, म्हणून पहिल्याच वर्षी आई त्याला हाताला धरून श्रीलंकेच्या लोकांत घेऊन आली आणि तेव्हापासून दर वर्षी ते इथेच. भाषा वेगळी, चाल वेगळी, पण बुद्धं सरणं गच्छामि म्हटलं की शब्द तेच. आई पहिल्यांदा ते ऐकून रडली होती म्हणे, आणि मग इथल्या बायकांनी तिला ताटभर दूधभात खाऊ घातला.

"आणि माझ्या प्रश्नाचं काय?" श्रावणी म्हणाली.

"अंधार पडू दे. कंदील लागले की सांगतो."

हे काही साधं उत्तर नव्हतं. आयर्लंडात मे महिन्यात कंदिलांचा सण करायचा म्हणजे अंधाराची मनधरणीच करावी लागते. सात वाजले होते आणि बाहेर लख्ख उजेड होता. मावशीने नऊला निघायचं बजावलं होतं. श्रावणीने मनात हिशेब केला. अंधार पडेपर्यंत साडेनऊ होणार.

मग ती कामालाच लागली. तनयचा कंदील आठ कोनांचा होता, आणि आठ कोन म्हणजे श्रावणीच्या हातचा मळ. तिचे बाबा दर दिवाळीला मेयोमधल्या सगळ्या मराठी घरांना आकाशकंदील करून देत. कामट्या सोलण्यापासून झिरमिळ्या कापण्यापर्यंत ती त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायची. तनय कागद चिकटवत होता ते बघवेना तिला.

"अरे, सुरकुती पडतेय. सरक. खळ कडेला लाव, मधे नाही. तुला कोणी शिकवलं हे?"

"युट्यूबने."

"दिसतंय."

तो मुकाट्याने सरकला. एका कामटीची दोन टोकं दोघांनी धरली, गाठ तिने मारली, गाठीवर बोट त्याने ठेवलं. बोटाला खळ लागलेली, म्हणून ते तिच्या बोटाला एक क्षण चिकटलं. खळ फार चिकट होती, एवढंच.

तेवढ्यात रोहिणी मावशी आली. साबुदाणा वड्यांचा डबा तिने नुकताच जेवणाच्या टेबलावर ठेवला होता आणि दोन मुलांचं मराठी कानावर पडल्यामुळे तिचा चेहरा फुलला होता.

"अगंबाई, तू मराठी? अरे वा. नाव काय तुझं?"

"तनय."

"आणि आडनाव?"

"मेश्राम."

"मेश्राम... अच्छा. नागपूरकडचे का? छान," मावशी म्हणाली. मग परत एकदा म्हणाली, "छान." दुसरं छान पहिल्यापेक्षा बारीक होतं. मग तिला एकदम गाडीत काहीतरी राहिल्याचं आठवलं.

तनयने मावशीकडे बघितलंच नाही. मघाशी मारून झालेली गाठ तो पुन्हा मारत बसला.

श्रावणीला हे नवं नव्हतं. कासलबारला नवं मराठी कुटुंब आलं की आई-बाबा त्यांना चहाला बोलवत. पहिला प्रश्न नाव, दुसरा आडनाव, तिसरा मूळचे कुठले. उत्तर आलं की आई-बाबांची एकमेकांशी नजरानजर व्हायची, अगदी निमिषभर. त्या नजरेत पुढच्या वेळी यांना बोलवायचं की नाही ते ठरलेलं असे, आणि कोणी काही बोललेलं नसे. लहानपणी तिला तो मोठ्या माणसांचा खेळ वाटायचा. खेळाचे नियम तिला आत्ता कुठे कळायला लागले होते. आवडत मात्र नव्हते.

"तू विचारलं नाहीस," तनय म्हणाला.

"काय?"

"आडनाव. इथे भेटलेला प्रत्येक मराठी माणूस दोन मिनिटांत विचारतो. तू तासभर माझ्या चुका काढते आहेस, पण ते विचारलं नाहीस."

"मला वेळ कुठे मिळाला? तुझ्या चुकाच संपेनात."

त्याचा डावा गाल हलला. उजवा या वेळी जरा उशिरा आला.

मग त्याला बाहेर हाक आली. वेसाकच्या दिवशी येईल त्याला फुकट जेवू घालायचं, आणि येणाऱ्याने नाही म्हणायचं नाही, अशी तिथली रीत. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या थांबवून मुलं लोकांना भात आणि डाळ खाऊ घालत होती. कुत्र्याला फिरवायला निघालेले दोन म्हातारे आयरिश आजोबा हातात पत्रावळीसारखी कागदी ताटली घेऊन, आता याचं करायचं काय, अशा चेहऱ्याने उभे होते. तनय वाढायला गेला आणि जाताना म्हणाला, "उरलेला तू पूर्ण कर. बॉस तूच आहेस."

श्रावणीने तो पूर्ण केला. जीव ओतून केला. झिरमिळ्या एकसारख्या कापल्या. बाहेर वारा सुटला होता, पश्चिमेकडे ढगही होते, म्हणून हॉलच्या किचनमधल्या कपाटातून क्लिंग फिल्मचा, म्हणजे खाणं झाकायच्या पातळ प्लास्टिकचा रोल शोधून काढला आणि कंदील वरून खालून बाजूने, सगळीकडून गुंडाळून टाकला. बाबा असंच करत. त्याशिवाय मेयोच्या पावसात दिवाळीचा कंदील दोन दिवसही टिकत नाही. खालच्या बाजूने दिवा आत सरकवण्यापुरती एक झडप ठेवली, बस.

तिच्याजवळ एक बाई येऊन बसल्या. पांढरी साडी, तनयसारखंच कपाळ. त्याची आई, विद्याताई. त्यांनी कंदिलाला हात लावून बघितला, मग आपली पांढरी ओढणी पिशवीतून काढून जर्सीवरून श्रावणीच्या खांद्यावर टाकली. "अशी काहून बसली गं एकटी? भात खाल्ला का?" म्हणाल्या, आणि ती खाते की नाही ते बघायला तिथेच बसून राहिल्या. त्यांनीही तिला आडनाव विचारलं नाही. शाळा विचारली, आवडता विषय विचारला आणि तनय घरी भांडी घासत नाही हे सांगून टाकलं.

नऊ वाजले. सूर्य आत्ता कुठे बुडत होता. श्रावणी मावशीजवळ गेली आणि वादविवाद संघातल्या आवाजात अर्धा तास मागून घेतला. मावशीने घड्याळाकडे बघितलं, तनयकडे बघितलं, आणि का कोण जाणे, हो म्हणाली.

साडेनऊला आकाश निळं-जांभळं झालं. हर्लिंग या आयरिश खेळाच्या गोलपोस्टांमागून पौर्णिमेचा चंद्र वर आला, नेहमीपेक्षा मोठा. भगव्या वस्त्रातले भंते मंद आवाजात वंदना म्हणायला लागले आणि मैदानाच्या कुंपणावर एकेक कंदील उजळला. कमळ, चांदणी, बोट. लोकांनी अगदी हळू आवाजात गप्पा मारायला सुरुवात केली, जशा देवळाच्या पायरीवर मारतात.

तनयने दिवा लावून झडपेतून आत सरकवला. आठ कोनांचा कंदील गुलाबी झाला, सगळ्यांत सुंदर. श्रावणीने मान ताठ केली. आणि कंदील विझला.

त्याने परत लावला. परत उजळला, परत मालवला. तिसऱ्यांदाही तेच. आजूबाजूला शंभर कंदील तेवत होते आणि तिचा एकटा काळा.

तनयने वाकून कंदिलाचा माथा बघितला. "वरून बंद केलंस?"

"बाबा असंच करतात. पाऊस आत जाऊ नये म्हणून."

"तुमच्या कंदिलात आत काय असतं?"

"बल्ब," श्रावणी म्हणाली आणि म्हणता म्हणताच तिला सगळं कळलं. तिने आजवर जेवढे कंदील केले त्यांत एकाही ज्योतीला श्वास घ्यावा लागला नव्हता.

वर्षभरापूर्वीची श्रावणी तोंड लपवून गाडीत जाऊन बसली असती. आत्ताची मोठ्यांदा हसली. विद्याताई हसल्या, तनय तर कुंपणाला धरून हसला. मग तिने केसातली पिन काढली, कंदिलाच्या माथ्यावरची फिल्म टराटरा फाडली आणि कागदाला चांगलं मुठीएवढं भोक पाडलं. तनयने दिवा आत ठेवला. ज्योत हलली, वाकली, उभी राहिली. या वेळी राहिलीच.

दोघं ज्योतीकडे बघत उभे राहिले.

"अंधार पडला," श्रावणी म्हणाली.

"हो."

"मग?"

तनयने हात कुडत्याला पुसले. खळ केव्हाच वाळली होती. "मला हो म्हणायचंय. शिडीवर होतो तेव्हाच म्हणायचं होतं, पण खाली पडलो असतो." मग तो थांबला. "डेब्जला मुलगा आधी मुलीच्या घरी जातो ना? दारात फोटो, शेजारी बघायला येतात, तिचे आई-बाबा काहीतरी खायला देतात..."

"माझे बाबा चकली देतील."

"दोन वर्षांपूर्वी एका मराठी घरी गणपतीला बोलावलं होतं आम्हाला. दारात आडनाव विचारलं. पुढच्या वर्षी यादीत आमचं नाव नव्हतं. आई म्हणाली, विसरले असतील." तो कंदिलाकडे बघत बोलत होता. "मला तुझ्या दारात उभं राहून ते उत्तर द्यायचं नाही. तू आधी घरी सांग. पूर्ण नाव. नंतरही तुला मी यायला हवा असेन, तर मी येतो. कासलबारपर्यंत चालतसुद्धा येतो."

मैत्रिणींनी पैज लावली होती हे श्रावणी पार विसरली होती. आता आठवलं, आणि तिला वाटलं, त्यांना जाऊन सांगावं, तुम्ही लावलेली पैज संपली. ही माझी आहे.

"सोमवारी," ती म्हणाली. "गाडीत. तिथून कोणाला उठून जाता येत नाही."

घरी जाताना रोहिणी मावशी म्हणाली, मुलगा चांगला आहे गं, आई पण चांगली वाटली. पण परीक्षा तोंडावर आहे, उगाच घरात विषय कशाला? मी काही बोलणार नाही, तूही नको बोलूस. गोड बोलणं होतं, मायेचं होतं, आणि सगळीकडून नीट गुंडाळलेलं होतं. श्रावणीने खांद्यावरची पांढरी ओढणी सारखी केली. परत द्यायची राहून गेली होती.

रविवारी ईफाचा मेसेज आला, विचारलंस का, म्हणून. तिने लिहिलं, विचारलं. आता उत्तर मला द्यायचंय.

सोमवारी दुपारी आई-बाबा आले. बाबा, म्हणजे गिरीश, गाडी चालवायला, आणि आई, म्हणजे सुनेत्रा, शेजारी मांडीवर थर्मास घेऊन. गॉर्ट गेलं, गॉलवे मागे पडलं. आईने अभ्यासाचं विचारलं, बाबांनी कंदिलांचं. कंदील वरून बंद केला तर आत दिवा राहत नाही, हे ऐकून बाबांना फार गंमत वाटली. क्लेअरगॉलवेला बँक हॉलिडेची गर्दी, गाड्यांची रांग मुंगीच्या पावलाने चाललेली. मग तीही थांबली. बाबांनी इंजिन बंद केलं.

मांडीवर फोन, फोनवर तनयला लिहून ठेवलेला एकच शब्द, 'ये', न पाठवलेला. आवाज जागेवर होता.

तिने सीटबेल्ट सैल केला, पुढे वाकली आणि पुढच्या दोन सीटांच्या बरोबर मध्ये डोकं घातलं. आता आई-बाबांना एकमेकांकडे बघायचं तर मधे तिचा चेहरा होता.

"आई, बाबा, मी एक ठरवलंय," ती म्हणाली. "ऑगस्टात डेब्जला मी तनय मेश्रामबरोबर जाणार आहे. मेश्राम. नागपूरचे आहेत, बौद्ध आहेत. हे आधीच सांगते, म्हणजे तुम्हाला दारात विचारावं लागणार नाही. तो मला घ्यायला आपल्या घरी येईल. बाबा, तुम्ही चकली करायची, आणि आई, त्याच्या आईला तू स्वतः फोन करून बोलवायचंस, त्यांची ओढणी माझ्याकडे आहे. आणि मला तो आवडतो. हे मला कोणी पैज लावून म्हणायला लावलेलं नाही."